भाऊ म्हणतो, सगळी रक्कम सोलरमध्ये टाक

प्रश्न : ताई, माझं वय ४३. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. त्यांच्या बचतीतला माझा वाटा गेल्या महिन्यात माझ्या खात्यात जमा झाला. एवढी एकरकमी रक्कम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय. धाकटा भाऊ शेअर बाजारात मुरलेला आहे. तो म्हणतो, सगळी रक्कम सौर ऊर्जेच्या ईटीएफमध्ये (म्हणजे बऱ्याच सोलर कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडात) आणि दोन-तीन सोलर कंपन्यांच्या शेअरमध्ये टाक, २०२१ च्या मानाने सगळं पडेल भावात मिळतंय. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. हवामानबदलाबद्दल ती फार मनापासून बोलते. तिला वाटतं, आजोबांचे पैसे चांगल्या कामाला लागतील. चार वर्षांनी तिच्या शिक्षणाचा मोठा खर्च आहे. नवरा मात्र नको म्हणतो. जग सौर ऊर्जेकडे चाललंय हे डोळ्यांनी दिसतंय, मग यात धोका कसला? ईटीएफ घेऊ, शेअर घेऊ की दोन्ही?

उत्तर :

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. माणूस गेल्यावर हाती आलेली रक्कम सांभाळणं अवघड असतं. ती वाढावी असंही वाटतं आणि तिला हात लावू नये असंही. अशा वेळी कुणीतरी ठामपणे बोलणारं भेटलं की हायसं वाटतं आणि निर्णय त्याच्यावर सोपवून आपण मोकळे होतो. म्हणून आधी हे सांगते की या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. रक्कम बँकेत ठेवीत राहू दे. सोलरचे शेअर सहा महिन्यांनीही मिळतील.

मुलीच्या शिक्षणाचा भाग आधी निकालात काढू, कारण त्यावर माझं मत अगदी ठाम आहे. चार वर्षांनी लागणारे पैसे सोलर ईटीएफमध्ये अजिबात जाऊ देऊ नका, त्यातला एक हप्तासुद्धा नको. कारण आकड्यांतच आहे. इन्व्हेस्को सोलर ईटीएफ हा या क्षेत्रातला सर्वात जुना आणि सर्वात ओळखीचा फंड. बाजारात त्याला टॅन या नावाने ओळखतात. २०२० या एका वर्षात तो तिपटीहून जास्त वाढला. तुमच्या भावाला तेच वर्ष आठवत असणार. त्यानंतर २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग चार वर्षं तो पडत गेला. २०२० च्या अखेरीस त्यात १०० ठेवले असते, तर चार वर्षांनी जेमतेम ३२ उरले असते. तुमच्या मुलीला प्रवेश घ्यायलाही चारच वर्षं आहेत. कॉलेजची फी भरायची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. जग सौर ऊर्जेकडे चाललंय, मग धोका कसला? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मीही एकेकाळी तोच विचारला होता. २०१० मध्ये पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी घेतले. दरवर्षी तिची विक्री वाढत होती, बातम्याही चांगल्याच येत होत्या. तीन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत गेली आणि माझे शेअर कवडीमोल झाले. सौर ऊर्जेबद्दलचा माझा अंदाज बरोबर होता. जगात पॅनेल मी कल्पना केली होती त्याहून कितीतरी जास्त लागली. पैसे तरीही गेले. याचं कारण समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. ते तुम्हाला आजच कळावं असं फार वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सौर ऊर्जा वाढली ती पॅनेल स्वस्त झाली म्हणून. २००८ च्या सुमाराला पॅनेलचा भाव वॉटमागे चार डॉलरच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो दहा सेंटपर्यंत खाली आला. या धंद्यात एक ठोकताळा आहे, त्याला स्वॅनसनचा नियम म्हणतात : जगात आजवर विकलेल्या पॅनेलची एकूण संख्या दुप्पट झाली की भाव साधारण २० टक्क्यांनी उतरतो. वीज वापरणाऱ्यासाठी याहून चांगली गोष्ट नाही. आता तेच कारखानदाराच्या बाजूने पाहा. तुम्ही जो माल बनवता त्याचा भाव दरवर्षी उतरणार, आणि तो उतरतो म्हणूनच मागणी वाढते. दुकानात गर्दी वाढत जाते, पण गल्ल्यात उरणारी रक्कम वाढेलच असं नाही. भाव उतरण्यातून वाचलेले बहुतेक पैसे वीज वापरणाऱ्यांच्या घरी गेले. भागधारकांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

टॅनचा इतिहास या एकाच गोष्टीची साक्ष देतो. हा फंड एप्रिल २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हा एका युनिटचा भाव २५ डॉलरच्या आसपास होता. तो इतका पडला की फेब्रुवारी २०१२ मध्ये दहा युनिटांचं एक युनिट करावं लागलं. म्हणजे आजच्या युनिटच्या हिशेबात सुरुवातीचा भाव साधारण २५० डॉलर. २०२१ च्या सुरुवातीला, सगळीकडे सोलरचा जयजयकार चालू असताना, तो १२० च्या घरात होता. लाभांश बाजूला ठेवला तर पहिल्या दिवशी पैसे टाकणारा माणूस ऐन तेजीतही अर्ध्याहून जास्त तोट्यात होता. आणि याच काळात जगात काय झालं? २००८ च्या अखेरीस जगभरात मिळून सुमारे १५ गिगावॉट सौर क्षमता होती. २०२२ मध्ये तिने १००० गिगावॉटचा टप्पा ओलांडला. भावाशी बोलताना फंडाचा भाव आणि जगातली सौर क्षमता शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

पॅनेलच्या आधीची पायरी म्हणजे पॉलिसिलिकॉन, ज्यापासून पॅनेलमधले वीज बनवणारे सेल तयार होतात तो शुद्ध सिलिकॉन. २००८ मध्ये त्याची टंचाई होती आणि किलोचा भाव ४०० डॉलरच्या वर गेला होता. टंचाई पाहून सगळ्यांनी कारखाने काढले. असा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे सगळे कारखाने एकदम चालू होतात आणि माल तुंबतो. २०१२ पर्यंत भाव २० डॉलरच्या आसपास आला. जर्मनीची क्यू-सेल्स एकेकाळी जगात सर्वात जास्त सेल बनवत होती, ती २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनची सनटेक पॅनेल बनवण्यात जगात पहिली होती, २०१३ मध्ये तिला रोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. अमेरिकेची सोलिंड्रा त्याआधीच, २०११ मध्ये बुडाली होती. तिच्या मागे ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी होती, तरीही ती बुडाली. नावं मुद्दाम दिली, कारण यातली एकही कंपनी फुटकळ नव्हती. ज्या वर्षी कुणी तुमच्या भावाला 'क्षेत्रातली सर्वात मजबूत कंपनी कोणती' असं विचारलं असतं, त्या वर्षी त्याने यांच्यातलंच एखादं नाव सांगितलं असतं.

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर अलीकडचं सांगते. २०२४ मध्ये जगात विक्रमी संख्येने पॅनेल बसली. त्याच वर्षी लोंगी, टोंगवेई, जेए सोलर आणि ट्रिना सोलर या चीनच्या चारही बड्या कंपन्यांनी तोटा जाहीर केला. अमेरिकेत सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. पॉलिसिलिकॉनचं २००८ चं चक्र २०२२ ते २०२४ मध्ये जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा फिरलं : आधी टंचाई, मग कारखान्यांची रांग, मग मालाचा पूर.

आणखी दोन गोष्टींचा या शेअरांवर फार मोठा परिणाम होतो. एक म्हणजे व्याजदर. औष्णिक केंद्राला रोज कोळसा लागतो, त्यामुळे त्याचा खर्च वर्षानुवर्षं विभागला जातो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, पुढे ऊन फुकट. साहजिकच तो कर्जावर उभा राहतो आणि कर्ज महागलं की त्याचं गणित बिघडतं. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेतले व्याजदर शून्याच्या आसपासून पाच टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा नेमकं हेच झालं.

दुसरी म्हणजे सरकारी धोरण. २००८ मध्ये स्पेन ही सौर ऊर्जेची जगातली सर्वात मोठी बाजारपेठ होती. सरकारने उदार दर दिला होता. मग त्यावर मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी ती बाजारपेठ जवळपास आटली. ३१ मे २०१८ ला चीनने अनुदानं अचानक रोखली, तेव्हा जगभरातले सोलर शेअर कोसळले. एप्रिल २०२३ पासून कॅलिफोर्नियात नव्या ग्राहकांना छतावरची जास्तीची वीज ग्रीडला विकण्याचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने मोठ्या करसवलती दिल्या आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यातल्या बऱ्याचशा आखडत्या घेतल्या. या क्षेत्रात पैसे ठेवायचे म्हणजे दूरदूरच्या सरकारांच्या मर्जीवर थोडंफार अवलंबून राहणं आलंच.

आता ईटीएफ की शेअर.

शेअरबद्दल थोडक्यात लिहिते, कारण माझं उत्तर 'नको' असंच आहे, निदान तुमच्यासाठी. एनफेज ही छतावरच्या पॅनेलसाठी मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी छोटी यंत्रं) बनवणारी कंपनी घ्या. २०१७ मध्ये तिचा शेअर एक डॉलरच्याही खाली होता. २०२२ च्या डिसेंबरात तो ३३० च्या वर गेला. साधारण वर्षभरात तो १०० च्या खाली आला आणि पुढे आणखी घसरला. त्या वर्षभरात कंपनीचा माल काही वाईट झाला नव्हता. व्याज महागलं, कॅलिफोर्नियाचा नियम बदलला आणि वितरकांकडे माल पडून राहिला. फर्स्ट सोलर हे दुसरं उदाहरण. ही कंपनी सिलिकॉनऐवजी कॅडमियम टेल्युराइडची पातळ थराची पॅनेल बनवते आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या ऑर्डर आधीच नोंदवून ठेवते. मला ती या क्षेत्रातल्या जास्त शिस्तीच्या कंपन्यांपैकी वाटते. तिचाही शेअर २००८ मध्ये ३०० डॉलरच्या वर होता आणि २०१२ मध्ये १५ च्या खाली. ३०० च्या आसपास परत यायला त्याला जून २०२४ उजाडला. सोळा वर्षं! एवढा धीर धरायची तुमची तयारी आहे का? आणि त्या सोळा वर्षांत कंपनीचे ताळेबंद, कर्ज, रोकड, दर तिमाहीचे निकाल कोण वाचणार? भाऊ वाचेल असं तुम्ही म्हणाल. मग ते त्याने स्वतःच्या पैशांसाठी वाचावं.

ईटीएफ बरा, कारण एखादी कंपनी बुडाली तरी सगळी रक्कम बुडत नाही. ईटीएफ एका निर्देशांकातल्या, म्हणजे ठरलेल्या यादीतल्या, कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेऊन ठेवतो आणि निर्देशांक बदलला की तोही बदलतो. बुडणाऱ्या कंपन्या हळूहळू बाहेर जातात, नव्या आत येतात. पण वाटणी झाली म्हणजे जोखीम संपली असा समज करून घेऊ नका. सोलर ईटीएफमधल्या सगळ्या कंपन्या एकाच आभाळाखाली उभ्या आहेत. व्याजदर वाढले की सगळ्याच भिजतात. शिवाय अशा फंडात पहिल्या दोन-चार कंपन्यांचंच वजन फार असतं. घेण्याआधी फंडाचं माहितीपत्रक काढा आणि पहिल्या दहा कंपन्या मिळून किती टक्के होतात ते पाहा. अर्ध्याच्या वर आकडा गेला तर समजा की तुम्ही मूठभर कंपन्यांवरच पैसे लावताय.

'सोलर' आणि 'क्लीन एनर्जी' ही दोन नावं एकच समजू नका. क्लीन एनर्जी म्हटलेल्या फंडात पवनचक्क्या बनवणारे, जलविद्युत कंपन्या आणि मोठ्या वीज कंपन्याही येतात. तो थोडा कमी हेलकावे खातो, पण त्याचाही इतिहास गुळगुळीत नाही. २०२१ मध्ये एस अँड पी ग्लोबल क्लीन एनर्जी या निर्देशांकाला कंपन्यांची संख्या ३० वरून बरीच वाढवावी लागली, कारण फंडांमध्ये पैशांचा इतका लोंढा आला होता की मोजक्या छोट्या कंपन्यांमध्ये तो मावेना.

वार्षिक खर्चाचं प्रमाणही बघा. एखाद्या क्षेत्रापुरत्या फंडाचा खर्च सर्वसाधारण निर्देशांक फंडाच्या कितीतरी पट असतो, टॅनचा ०.७ टक्क्याच्या आसपास आहे. फंड अगदी छोटा असेल तर टाळा. खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठी तफावत राहते, आणि पैसे आटले की फंड कंपनी तो बंद करून त्या दिवशीच्या मूल्याने रक्कम परत देते. हे बहुधा भाव तळाला असतानाच होतं. आणि ज्या फंडाच्या नावात दुप्पट किंवा तिप्पट असेल, रोजच्या चढउताराचा गुणाकार करणारा, त्याच्याकडे फिरकूही नका. फंड परदेशी चलनात असेल तर विनिमय दराची जोखीम वेगळी आणि करही वेगळा. त्याबद्दल तुमच्या कर सल्लागाराला आधी विचारा, घेतल्यानंतर नको.

भावाच्या 'पडेल भाव' या मुद्द्याचंही उत्तर द्यायला हवं, कारण त्याने माणूस फार पटकन भुलतो. १०० चा शेअर २० झाला म्हणजे तो स्वस्त झाला असं वाटतं. पण १०० हा भाव मुळात योग्य होता हे कुणी ठरवलं? २० चा १० झाला तर आज घेणाऱ्याचे अर्धे पैसे जातात. आणि २० चा पुन्हा १०० व्हायला ४०० टक्के वाढ लागते. पडलेला भाव कालची हकिगत सांगतो. उद्यासाठी कंपन्यांचा नफा आणि कर्ज पाहावं लागतं.

तर करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. मुलीच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढून, लागणाऱ्या तारखेला हातात येईल अशा ठेवीत ठेवली असती. सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज नसेल तर तीही यातूनच. उरलेल्या रकमेतला मोठा भाग सगळ्या क्षेत्रांतल्या कंपन्या असलेल्या साध्या, स्वस्त निर्देशांक फंडात. तिथे सौर ऊर्जेपासून फायदा मिळवणारेही आपोआप येतात : वीज कंपन्या, तारा आणि ट्रान्सफॉर्मर बनवणारे, स्वस्त वीज वापरणारे कारखाने. स्वस्त झालेल्या पॅनेलचा फायदा बऱ्याचदा पॅनेल बनवणाऱ्यापेक्षा ती वापरणाऱ्यालाच होतो, हे आपण वर पाहिलंच. आणि निव्वळ सोलर ईटीएफसाठी, दहा वर्षं हात न लावण्याच्या पैशातले फार तर पाच टक्के. तेही एकदम टाकायचे नाहीत, दीड-दोन वर्षांत सारख्या हप्त्यांनी घालायचे. वाढून त्याचा वाटा आठ टक्क्यांवर गेला तर वरचा भाग विकून टाकायचा. पडला तर ठरलेल्या हप्त्यापेक्षा जास्त घालायचं नाही, मग भाऊ कितीही आग्रह करो.

नियमित उत्पन्न हवं असेल तर सौर प्रकल्पांची मालकी घेऊन त्यांची वीज विकणारे फंडही असतात. लंडनच्या बाजारात ब्लूफील्ड सोलर आणि फोरसाइट सोलर हे २०१३ मध्ये आले. पॅनेलचे भाव उतरण्याची झळ त्यांना तशी थेट बसत नाही. पण व्याजदर वाढल्यावर त्यांचेही भाव त्यांच्या मालमत्तेच्या मूल्याखाली गेले. ठेवीला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.

मुलीशी मात्र खरं बोला. बाजारातून ईटीएफ किंवा शेअर घेतला की आपले पैसे आधीच्या धारकाकडे जातात, त्यातून नवं पॅनेल बसत नाही. कंपनी नवे शेअर विकते तेव्हाच पैसा तिच्या हाती पडतो. १४ वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं आणि खरं सांगितलेलं तिला आवडेल. घराचं छत तुमचं स्वतःचं असेल आणि त्यावर दिवसभर ऊन पडत असेल, तर आजोबांच्या पैशांतून तिथे पॅनेल बसवण्याचा हिशेब तिलाच करायला सांगा : खर्च किती, वर्षाला बिल किती वाचेल, किती वर्षांत वसूल होईल. तो परतावा शेअर बाजारावर अवलंबून नाही, आणि छतावर बनलेली वीज ती रोज मीटरवर पाहू शकेल. मला विचाराल तर तुमच्या घरातल्या तिघांचंही समाधान यातच होण्याची शक्यता सर्वात जास्त आहे.

भावाचं मन दुखवायची गरज नाही. तो तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, हे पत्रातूनही जाणवतं. त्याला एकदा जेवायला बोलवा, नवऱ्यालाही बसवा, आणि त्याने सुचवलेल्या ईटीएफचं माहितीपत्रक समोर ठेवा. पहिल्या दहा कंपन्यांपैकी प्रत्येक कंपनी नक्की काय बनवते, गेल्या दोन वर्षांत तिला नफा झाला की तोटा, आणि तिच्यावर कर्ज किती, एवढं त्याला विचारा. त्या संध्याकाळनंतरही पाच टक्क्यांचा पहिला हप्ता घालावासा वाटला, तर घाला.